आक्काच्या खिडकीसमोरची पाण्याची भिंत

माझी थोरली बहीण सरकारी दवाखान्यात नर्स होती. घरात ती आक्का आणि बाहेर सगळ्यांची सिस्टर. तिने लग्न केलं नाही. मिरकरवाड्याच्या वरच्या अंगाला, चढावर, स्वतःच्या कमाईतून तिने चार खोल्यांचं घर बांधलं. मला जयगडला बंदरावर नोकरी लागली तेव्हा म्हणाली, "भाड्याची खोली कशाला शोधतोस? इथेच या दोघं, बंदरावर रोज एसटीने जा." दोघं म्हणजे मी आणि माझी नवी नवरी. आम्ही आलो ते कायमचेच. आमची मुलगी याच घरात वाढली आणि लग्न होऊन पुण्याला गेली. दारावर पाटी माझ्या नावाची आहे, तीही आक्कानेच करून आणली. "पुरुषमाणसाचं नाव असलं की पोस्टमनला बरं पडतं," म्हणाली होती.

मी निवृत्त होऊन वर्षही झालं नव्हतं, तेव्हा तिला झटका आला. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा, तिन्ही एका सकाळी गेली. दवाखान्यातून घरी आणल्यावर कळलं की वाचा अगदीच गेलेली नाही, दोन शब्द उरलेत. 'ये रे.' भूक लागली तरी ये रे, कूस बदलायची असली तरी ये रे. माझ्या बायकोलाही ये रे आणि दारात आलेल्या मांजरालाही ये रे. डॉक्टरांनी समजावलं, "त्यांना सगळं कळतंय. शब्द सापडत नाहीत. जे तोंडात अडकलेत तेच बाहेर येतात."

बायकोची कॉलेजच्या ऑफिसातली नोकरी अजून चालू होती. सकाळी एक बाई येऊन आक्काचं अंग पुसून, वेणी घालून जायची. त्यानंतर संध्याकाळपर्यंत घरात आम्ही दोघं भावंडं. मी पेपर उघडला की आतून हाक यायची. जाऊन विचारावं, पाणी? ती मान हलवायची. पंखा वाढवू? नको. उशी? नको. काहीच नको असायचं. मी उंबरा ओलांडला की पाठीमागून पुन्हा ये रे. ती ओरडायची नाही. एकाच पट्टीत, मध्ये श्वासापुरती थांबत हाक मारत राहायची.

पहिले काही महिने मी प्रत्येक हाकेला उठलो. मग दोनचार हाका जाऊ देऊन उठायला लागलो. पुढे पुढे खुर्चीतूनच "आलो, आलो" म्हणायचो आणि जायचो नाही. एका दुपारी मी पुढच्या खोलीत कानांत बोटं घालून, डोळे मिटून बसलो होतो. बायको त्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकून आलेली. डोळे उघडले तर ती दारात उभी. तिने पर्स खुंटीला अडकवली आणि सरळ आक्काकडे गेली.

आक्का स्वतः अशी नव्हती. तिच्या हाताखाली नवीन मुली यायच्या, वॉर्डातल्या ओरड्याने त्या कातावायच्या. आक्का त्यांना कधी रागावली नाही. रात्रपाळी करून घरी आली की चहा पिताना सांगायची, कोणत्या खाटेवरची म्हातारी कशी कण्हते, कोणाचा खोकला आज सुटला. तिला माणसं आवाजावरून कळायची. आणि तिचा भाऊ तिच्या आवाजाला कंटाळून कानांत बोटं घालत होता.

त्याच सुमारास बंदरातल्या एका जुन्या सहकाऱ्याचा निरोपसमारंभ गणपतीपुळ्याच्या रस्त्यावरच्या एका हॉटेलात झाला. जेवणाची टेबलं मागच्या लॉनवर होती आणि माझी खुर्ची नेमकी एका काळ्या दगडी भिंतीशेजारी. भिंतीवरून वरपासून खालपर्यंत पाण्याचा पातळ पडदा वाहत होता. शेजारचा माणूस माझ्याशी काहीतरी बोलत होता आणि मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. मी नुसती मान डोलवत होतो. कित्येक महिन्यांत इतकं शांत वाटलं नव्हतं. जेवण संपल्यावरही मी तिथेच बसून राहिलो.

घरी आल्यावर बायकोला म्हटलं, "आपल्या परसात पाण्याची भिंत करू या. आक्काच्या खिडकीसमोर. तिला बघायला काहीतरी होईल. पाण्याच्या आवाजाने मन शांत होतं म्हणतात."

"कोणाचं?" तिने विचारलं.

"आक्काचं," मी म्हणालो.

दिवाळी झाल्यावर कामाला लागलो. मोबाईलवर रोज व्हिडिओ बघायचो, वहीत चित्रं काढायचो. जागा ठरवली ती खिडकीच्या अगदी समोरची, कुंपणाच्या गडग्याला लागून. आमचा चिऱ्यांचा गडगा तिथे थोडा खचून बुटका झालेला होता. पलीकडे भाभी राहते. तिचा नवरा बोटीवर नोकरीला, वर्षातले बरेच महिने बाहेर. तिची तिन्ही मुलं आक्काच्या हातावर जन्मलेली. दुपारी कपडे वाळत घालायला आली की भाभी त्या बुटक्या जागेपाशी उभी राहून आक्काशी बोलायची, म्हणजे आता एकटीच बोलायची. कधी तिथूनच कालवणाची वाटी माझ्या हातात द्यायची. हे सगळं मी रोज बघत होतो. तरी भिंत बांधायला तीच जागा मला योग्य वाटली, कारण तिथून पाण्याचा आवाज खिडकीत थेट शिरला असता.

गवंड्याने पाया खणला आणि जांभ्याच्या चिऱ्यांची, माझ्या डोक्याच्याही वर जाईल अशी भिंत उभी केली. पायाशी छोटा हौद. तेवढं करून तो दुसऱ्या कामावर गेला. पुढचं मी स्वतः करायचं ठरवलं होतं. भिंतीच्या तोंडावर काळ्या कडाप्प्याच्या खडबडीत लाद्या बसवायच्या, वर सिमेंटची पन्हळ करायची, हौदात पंप सोडायचा, त्याचं पाणी पाइपाने पन्हळीत चढवायचं आणि पन्हळ भरली की काठावरून ते लाद्यांवर ओघळू द्यायचं. कागदावर काम सोपं होतं.

आक्काला मी सकाळी चाकाच्या खुर्चीत बसवून खिडकीशी आणायचो. तिथून तिला मी दिसायचो. लाद्या वेगवेगळ्या होत्या, काहींना निळसर झाक, काहींना राखाडी. एक उजव्या हातात, एक डाव्या हातात धरून मी विचारायचो, "आक्का, ही का ती?" ती डावं बोट उचलायची. मग तीच लादी लावायची. एकदा मी एक लादी उलटी लावली, तर ती हसायला लागली. झटक्यानंतर पहिल्यांदा हसली. तोंड एका बाजूला ओढलं जायचं, पण हसू तिचंच होतं. मी काम करता करता बडबडायचो. बंदरातले किस्से, लहानपणी आम्ही विहिरीत पाडलेली कळशी, असलं काहीबाही. ती ऐकायची. चहा मी खिडकीच्या कठड्यावर ठेवून प्यायचो, तिला चमच्याने पाजायचो.

त्या दिवसांत ती हाका मारत नव्हती. हे तेव्हा माझ्या लक्षातच आलं नाही. मी कामात होतो, आणि घर शांत होतं, इतकंच.

पहिल्या चाचणीला पाणी एकाच कोपऱ्यातून धबधब्यासारखं कोसळलं, बाकी लाद्या कोरड्या. पन्हळीचा काठ एका बाजूला उतरता झाला होता. तो घासून सारखा करण्यात बरेच दिवस गेले. मग हौदातलं पाणी सकाळपर्यंत खाली जायला लागलं. गवंड्याला फोन केला तर म्हणाला, "जांभा पाणी पितो वो. आतून कोटिंग मारा, राहील मग." कोटिंग मारलं, थोडं राहिलं, पुन्हा मारलं. शेवटी एका संध्याकाळी पंप लावला आणि पाणी काठावरून सगळीकडून एकसारखं उतरलं. लाद्या ओल्या होऊन काळ्याभोर झाल्या. भिंतीला जणू आरसा लावला. बायको टाळ्या वाजवायला लागली. मी खिडकीकडे पाहिलं. आक्का पाण्याकडे बघत होती. मग तिने माझ्याकडे बघून म्हटलं, "ये रे."

मी ते ओठांवरून ओळखलं. ऐकू आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मी पंपाचं बटण सकाळी दाबायचो आणि पुढच्या खोलीत पेपर घेऊन बसायचो. बटण आक्काच्याच खोलीत, खिडकीशेजारच्या बोर्डावर होतं. परसातून पाण्याची सळसळ घरभर यायची आणि त्याच्यामागे जे काही असेल ते मला ऐकू यायचं नाही. मी पुस्तकं वाचली. दुपारी झोपलो. इतकी गाढ झोप मला वर्षभर लागली नव्हती. जेवणाच्या आणि औषधांच्या वेळा मी चुकवत नव्हतो, हे स्वतःला रोज सांगायचो. खोलीत गेलो की ती हाक मारताना दिसायची. किती वेळ मारत होती कोण जाणे. तिचा घसा बसलेला असायचा. मी मध घालून कोमट पाणी द्यायचो.

आणि लोक येत होते. नात्यातले, कॉलेजमधले, गल्लीतले. परसात उभं राहून फोटो काढायचे. "आजकाल बहिणीसाठी एवढं कोण करतं?" एका मावशीने तर माझ्या डोक्यावरून हात फिरवून बोटं मोडली. मी "काय हो त्यात" असं म्हणायचो. बायको चहा आणायच्या निमित्ताने आत निघून जायची. भाभीच तेवढी बघायला आली नाही. तिच्या बाजूने त्या भिंतीची उघडी पाठ दिसत होती, आणि कालवणाची वाटी आता तिला रस्त्याने फिरून आणावी लागायची. एकदोनदा आणली, मग थांबली.

माघातल्या एका दुपारी पुढच्या दाराची कडी कोणीतरी जोरजोरात वाजवत होतं. मी खुर्चीतच डुलकी घेत होतो. उठून दार उघडलं तर भाभी. तिची ओढणी घाईत अर्धवट घेतलेली, अनवाणी पाय.

"भाई, सिस्टर कुठे आहेत? आतून भांडं आपटल्यासारखं होतंय, कधीपासून!"

मी "झोपली असेल" असं म्हणेपर्यंत ती माझ्या बाजूने आत गेलीसुद्धा.

आक्का खाटेच्या खाली, कुशीवर पडली होती. गाऊन वर सरकलेला. डाव्या हातात स्टीलचा पेला घट्ट धरलेला आणि तो ती फरशीवर आपटत होती. आमच्याकडे बघूनही तिचा हात लगेच थांबला नाही. भाभीने आधी तिचा गाऊन खाली ओढला, मग पेला हातातून सोडवला. "बस सिस्टर, आले मी, आले." आम्ही दोघांनी उचलून तिला खाटेवर घेतलं. उजवं मनगट सुजलं होतं. खिडकीतून पाणी सळसळत होतं. भाभीने एकदा तिकडे पाहिलं, मग बोर्डाकडे पाहिलं आणि न विचारता पंप बंद केला.

"माझ्या बाजूला पाण्याचा आवाज कमी येतो," ती म्हणाली. "म्हणून पेला ऐकू आला. पहिल्यासारखा गडगा असता तर मी ओलांडूनच आले असते. रस्त्याने यायला उशीर झाला." तिच्या बोलण्यात राग नव्हता. खरंच उशीर झाल्याबद्दल ती हळहळत होती.

हाड मोडलं नव्हतं. डॉक्टरांनी पट्टी बांधून दिली. खाटेवरून ती कशासाठी उतरायला गेली, ते मला अजून माहीत नाही.

संध्याकाळी बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही कुठे होतात?"

"पुढच्या खोलीत."

"आणि ऐकू आलं नाही."

"पंप चालू होता."

ती भाजी निवडत होती. हात थांबले नाहीत. "मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, ती भिंत कोणासाठी आहे ते," ती म्हणाली. "बोलले नाही. रविवारी तुम्ही बाजारात गेलात की पंप मीच लावते." थोड्या वेळाने ती परातीवर वाकली आणि पदराने डोळे पुसायला लागली. मी परात माझ्याकडे ओढली आणि उरलेली भाजी निवडायला घेतली.

तरीही पंप कायमचा बंद केला असं नाही. हे लिहायला जड जातं. आम्ही ठरवलं, आक्काजवळ कोणीतरी बसलेलं असेल तेव्हाच लावायचा. तिला आवडतं ना पाणी, असं दोघांनीही म्हटलं. तिला आवडतं हे कुणी विचारून घेतलं होतं, ते मात्र दोघांपैकी कोणाला सांगता आलं नसतं.

पडल्यानंतर डॉक्टरांच्या सांगण्यावरून बोलण्याचे व्यायाम शिकवणारी एक तरुण मुलगी आठवड्यातून एकदा यायला लागली. ती शब्द चालीवर म्हणायला लावायची. रोजचा सराव मी करून घ्यायचो. चमचा दाखवायचा, चमचा म्हणायचं. दार दाखवायचं, दार म्हणायचं. आक्का ओठांची हालचाल करायची, कपाळावर घाम यायचा, आणि शेवटी ये रे. असे दोन महिने गेले. सरावाच्या वेळी पंप बंद ठेवावा लागायचा, नाहीतर एकमेकांचं ऐकू यायचं नाही.

एका संध्याकाळी सराव आटोपून मी उठलो, सवयीने बोर्डाकडे हात नेला.

"बंद," मागून आवाज आला.

मी वळलो. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. "काय म्हणालीस?"

आक्काच्या मानेच्या शिरा ताठल्या होत्या. डावा हात उचलून तिने बोर्डाकडे केला. "बंद. बंद कर."

बायको स्वयंपाकघरातून धावत आली. "बोलल्या! आक्का बोलल्या!" तिने आक्काचं तोंड दोन्ही हातांत धरलं, रडली, मग फोन घेऊन पुण्याला आमच्या मुलीला लावला. "अगं, आत्या बोलली! खरंच, आत्ता! नवा शब्द!" पलीकडून मुलीने काहीतरी विचारलं असावं. बायको थांबली. माझ्याकडे पाहिलं. "काय बोलली ते नंतर सांगते," म्हणाली आणि फोन ठेवला.

मी पंप लावला नाही. खाटेच्या कडेला बसलो. आक्काने माझा हात दाबला आणि डावं बोट वर केलं. खालून, मिरकरवाड्यातून मासेमारीची एक लाँच सुरू झाल्याचा धडधडाट येत होता. तिने बोट तिकडे केलं. मग गडग्यापलीकडे भाभी कोंबड्यांवर ओरडली, बोट तिकडे वळलं. स्वयंपाकघरात कुकरची शिटी झाली. बायकोच्या बांगड्या वाजल्या. रस्त्यावर रिक्षा चढ चढताना गुरगुरली. प्रत्येक आवाजाला ती बोट दाखवत होती आणि माझ्याकडे बघत होती, मला कळतंय ना म्हणून.

तिला अंथरुणावर पडून एवढंच करता येत होतं. दिवसभर ती घर ऐकत असायची; कोण आलं, कोण गेलं, मी कुठल्या खोलीत आहे. मी पाणी सोडून तिच्यापुरतं तेही बंद करून टाकलं होतं. आपली हाक बाहेर जात नाही आणि बाहेरचं काही आत येत नाही, अशा खोलीत ती किती दुपारी पडून राहिली असेल, हे त्या वेळी पहिल्यांदा माझ्या डोक्यात शिरलं. माफी मागितली असती तर तिने मान डोलावली असती, आणि मला बरं वाटलं असतं. ते बरं वाटून घ्यायची मला लाज वाटली.

पुढच्या आठवड्यात गवंड्याला बोलावलं. "वरची अर्धी भिंत उतरव," म्हटलं.

"अवो, एवढी झ्याक झालीय! गळतेय काय कुठे?"

"गळत नाही. पलीकडचं दिसत नाही."

त्याने डोकं खाजवलं आणि चिरे उतरवले. लाद्या काढताना बऱ्याच फुटल्या. आता भिंत भाभीच्या छातीएवढी आहे. ती पुन्हा दुपारी येऊन उभी राहते. पहिल्या दिवशी मी तिला म्हटलं, "भाभी, मी नीट विचार केला नव्हता." ती म्हणाली, "असू दे भाई, सिस्टरना बाहेर बसवा जरा," आणि आक्काला मुलाच्या लग्नाच्या गोष्टी सांगायला लागली. आक्का आता पाचसहा शब्द बोलते. 'ये रे' अजून म्हणते, पण पूर्वीइतकं नाही. मी टेबल तिच्या खोलीत हलवलंय, पेपर तिथेच वाचतो. सगळेच दिवस मायेने बसतो असं नाही. काही दुपारी तिची हाक आली की माझ्या कपाळावर आठी येते. ती तिला दिसते, हे मला माहीत असतं.

गेल्या गणपतीत चुलतभाऊ मुंबईहून आला होता. फोटोत भिंत पाहिलेली, म्हणून आल्या आल्या परसात गेला. अर्धी भिंत, कोरडा हौद, त्यात पडलेली आंब्याची पानं.

"अरे, हे काय? बहिणीसाठी एवढं हौसेने केलं होतंस ना?"

"पंप जळला," मी म्हणालो.

पंप माळ्यावर आहे, प्लास्टिकच्या पिशवीत, चांगला चालू. बायको दारात उभी होती. तिने चुलतभावाला विचारलं, "भावजी, चहा साखरेचा चालेल ना?" आणि आत गेली.